एका ताटाभोवती

बुधवार, अदिस अबाबा

हुदादे चालू आहे. फासिका म्हणजे इथला ईस्टर, त्याच्या आधीचा ५५ दिवसांचा मोठा उपवास. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन या दिवसांत मांस आणि अंडी तर सोडतातच, पण दूध, दही, लोणी, तूप यांनाही शिवत नाहीत. शिवाय फासिकानंतरचे पन्नास दिवस सोडले तर वर्षभर बुधवार आणि शुक्रवार आहेतच. लहानमोठे सगळे उपवास धरले तर साध्या भाविकाच्या वाट्यालाही वर्षाचे १८०च्या आसपास दिवस येतात. पंढरपूरकडच्या माळकरी घरात वाढलेल्या मला परदेशात याहून सोयीचं गाव मिळालं नसतं. कुठल्याही खानावळीत शिरावं, ‘त्सोम’ एवढं म्हणावं, की पुढ्यात भलंथोरलं ताट येतं. ताटभर पसरलेला इंजेरा आणि त्यावर गोलाकार मांडलेलं सगळं: हरभऱ्याच्या पिठाचं घट्टसर शिरो, बर्बेरे मसाल्यातली मसुरीची लालभडक आमटी, हळद घातलेली वाटाण्याची डाळ, गोमेन ही पालेभाजी, उकडलेलं बीट, कोबी-गाजर-बटाटा. इंजेरा म्हणजे टेफ या खसखशीसारख्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून मोठ्या तव्यावर एकाच बाजूने भाजलेली आंबूस, जाळीदार भाकरी. खालीही तोच, आणि तोडून खायला शेजारी गुंडाळ्या करून ठेवलेलाही तोच.

आज दुपारी विभागातले आम्ही काही जण एका ताटाभोवती बसलो होतो. एकच ताट. वाट्या नाहीत, चमचे नाहीत. नेदरलँड्सहून नुकत्याच आलेल्या सहकाऱ्याने वेगळी बशी आणि काटा मागितला, तो त्याला लगेच आणून दिला गेला, कुणी काही बोललं नाही. माझ्या मनात मात्र जेवणभर तेच घोळत राहिलं, कारण इथल्या भारतीय घरांतून एक वाक्य मी सतत ऐकते: ‘यांना उष्ट्याखरकट्याचं काही नाही.’ आज हे लिहूनच टाकते, कारण हे खरं नाही, आणि आपल्या माणसांच्या तोंडून ऐकलं की वाईट वाटतं.

एका ताटात जेवायचं म्हणून तर इथे नियम इतके कडक आहेत. जेवणाआधी हात धुणं चुकत नाही. खानावळीत बेसिन जेवणाच्या जागेतच असतं आणि सगळे आधी तिथे जाऊन येतात. खायचं फक्त उजव्या हाताने. इंजेराचा तुकडा तोडायचा, त्यात आमटी किंवा भाजी चिमटीत धरायची आणि बोटं ओठांना न लावता घास आत सोडायचा. आमटीला लागतो तो इंजेरा, बोटं नाहीत. आपल्यासमोरचा जो भाग, तेवढाच आपला. पलीकडे हात घालायचा नाही, चांगलं काही समोरच्याच्या बाजूला असलं तरी नाही. त्याच्या लक्षात आलं की तोच ते तुमच्याकडे सरकवतो. वडीलधाऱ्याने सुरुवात केल्याशिवाय कुणी हात लावत नाही. आणि बोटं चाटणं तर अगदीच असभ्य.

आपल्याकडे आमटीभात पाचही बोटांनी कालवून खायचा, कढी वाटी तोंडाला लावून प्यायची, शेवटी बोटं चाटली की सुगरणीला पावती मिळाली. आपलं ताट वेगळं असतं म्हणून ते चालतं. यांचं ताट सगळ्यांचं, म्हणून यांना हाताला इतकं वळण लावावं लागतं. उष्टं होऊ नये ही काळजी दोन्हीकडे आहे. आपण ती ताटं वेगळी मांडून घेतो, ते बोटांनी घेतात. मला विचाराल तर त्यांची रीत जास्त अवघड आहे, कारण तिथे प्रत्येक घासाला बाकीच्यांचं भान ठेवावं लागतं.

आजच्या ताटाभोवती आणखी एक गोष्ट दिसली. इथले ऑर्थोडॉक्स आणि मुसलमान एकमेकांच्या हातचं कापलेलं मांस खात नाहीत, खाटकांची दुकानंसुद्धा वेगळी. पण उपवासाच्या ताटात मांसच नाही, तेव्हा तो प्रश्नच उरत नाही. आज आमच्यात दोघी ऑर्थोडॉक्स होत्या, एक मुसलमान आणि मी. आम्हा चौघींना जे निःशंकपणे एकत्र खाता येईल असं अन्न जगात फार नसेल, आणि ते या शहरात आठवड्यातून दोनदा तरी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. मला याचं फार अप्रूप वाटतं. शेजारच्या टेबलावर आमचा प्रोटेस्टंट सहकारी तिब्स म्हणजे परतलेलं मांस खात बसला होता. वेगळ्या ताटात, आपणहून, कुणी न सांगता.

विभागातल्या वयस्कर मॅडम आमच्यात नव्हत्या. त्या हुदादेत दुपारी नऊपर्यंत पाणीही घेत नाहीत. इथलं घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं, त्यामुळे त्यांचे नऊ म्हणजे आपले तीन.


शुक्रवार

एकादशी आणि शुक्रवार एकत्र आले. ताटाभोवतीच्या त्या दोघी ऑर्थोडॉक्स मैत्रिणींचा उपवास आणि माझाही, पण त्यांचा इंजेरा मला चालेना आणि माझं दही त्यांना. टेफ धान्य, म्हणून इंजेरा मला वर्ज्य. मी घरून उकडलेली रताळी, शेंगदाणे आणि दह्याची वाटी नेली होती. दही बघून दोघी चकित झाल्या. उपवासाला दूधदुभतं कसं चालतं? आणि चालत असेल तर भाकरीने काय घोडं मारलं? मी सांगितलं ते त्यांनी मन लावून ऐकलं. आषाढी-कार्तिकी, वारी, तुळशीची माळ, सगळं. दुसऱ्याच्या उपवासाचा इतका आदर मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे. इथे कुणी ‘एवढंसं खाल्लं तर काय होतं’ असं म्हणत नाही. पुण्यामुंबईतल्या कचेऱ्यांत ते वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं होतं.

जेवताना दारातून कुणीही डोकावलं तरी ‘एन्नेब्ला’ म्हणजे ‘चला, जेवू या’ असं म्हणतातच. आपलं ‘या जेवायला’ तसंच. एकट्याने जेवणं इथे फार केविलवाणं समजतात. मी पहिल्यांदा डबा घेऊन खिडकीपाशी एकटी बसले तेव्हा पुढच्या पाच मिनिटांत कुणीतरी खुर्ची ओढून शेजारी येऊन बसलं होतं. आणि जेवत असलेल्या माणसाला भेटायचं झालं तर तो हात पुढे करत नाही, मनगट पुढे करतो. आपण ते मनगट धरून नमस्कार-चमत्कार करायचे. स्वच्छतेची केवढी बारीक जाण आहे ही!

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची डाकारची मैत्रीण भेटली. नवऱ्याच्या आफ्रिकन युनियनमधल्या नोकरीमुळे ती या शहरात आली. तिला एक ताट नवं नाही. सेनेगलमध्येही भात-मासळीची एकच परात मध्ये ठेवून सगळे भोवती बसतात, प्रत्येकाने आपापल्या पुढचंच खायचं, आणि घरची बाई मधली मासळी-भाजी हाताने मोडून सगळ्यांच्या पुढे सरकवत राहते. तिला इथे नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं: तिच्याकडे पोट भरलं की माणूस उठतो, परातीवरची गर्दी कमी होते, कुणाला काही वाटत नाही. इथे मात्र लवकर हात आखडला की चौकशी सुरू होते. आफ्रिका म्हटली की सगळं एकाच मापाने मोजणाऱ्यांनी या दोन्हीकडच्या ताटांशी एकदा बसावं.


रविवार

आज एमामांकडे जेवण होतं. एमामा म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. वयस्कर बाईंना इथे सगळे तसंच म्हणतात. शनिवार-रविवारी हुदादेतसुद्धा तीन वाजेपर्यंत थांबायचं बंधन नसतं, म्हणून त्या चर्चमधून आल्या आल्या पानं मांडली. पानं कसली, पानच. मेसोब ही गवताची विणलेली रंगीत, उंच टोपली. तिचं शंकूसारखं झाकण काढलं की तेच टेबल होतं.

आधी नातू आला, एका हातात पाण्याचं भांडं, दुसऱ्या हातात तस्त, खांद्यावर टॉवेल. एमामांच्या हातावर आधी पाणी, मग माझ्या, मग बाकीच्यांच्या. तो वाकून उभा राहतो, धार बारीक धरतो, साबण लावेपर्यंत थांबतो, मग पुन्हा ओततो. आमच्या आजोळी पंगतीआधी तांब्या घेऊन मुलं अशीच फिरायची. ते कधी बंद झालं आठवत नाही. बेसिन आलं आणि मुलांच्या हातून ते काम गेलं एवढं खरं.

नाही म्हणण्याचीही रीत आहे. पहिल्यांदा वाढायला आलं की ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा जरा हळू म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. यजमान स्वतःच्या मरणाची शपथ घालतात: ‘बेमोते’, माझ्यासाठी एवढं घेच. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. जिलबीचा आग्रह आणि ‘माझ्या गळ्याची शपथ’ पाहत मोठी झालेली बाई मी. कॅनडाहून आलेल्या ओळखीच्या बाईंना मात्र याचा त्रास होतो. एकदा नाही म्हटलं की नाहीच, तरी पुन्हा का विचारतात, असं त्या म्हणतात. त्यांचंही बरोबरच आहे, त्यांच्याकडे एकदा विचारणं हाच मान.

मग गुर्शा. एमामांनी इंजेराचा मोठा तुकडा तोडला, त्यात शिरो भरलं, वर मसूर, वर थोडी गोमेन, बोटांनी नीट वळून घट्ट केला, डावा हात खाली धरला आणि घास माझ्या तोंडाशी आणला. मोठा घास. तो अर्धा तोडायचा नसतो, एका दमात घ्यायचा. देणाऱ्याची माया घासाच्या आकारात दिसते. तो चावून होत नाही तोवर दुसरा तयार असतो, कारण एकावर थांबणं बरं समजत नाहीत. मग मी त्यांना भरवला. माझ्याकडे लग्नात नवरा-नवरी घास देतात, बारशाला, उष्टावणाला बाळाला भरवतात, आजारी माणसाला भरवतात. साठी ओलांडलेल्या, धडधाकट, परक्या बाईला भर जेवणात भरवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. हात किंचित थरथरला. भरवणारा आणि भरवून घेणारा एकमेकांकडे बघतात ना, तेव्हा परकेपण ठेवायला जागाच उरत नाही.

पण मला आज सगळ्यात जवळचं वाटलं ते वेगळंच. एमामांचा थोरला मुलगा उपवास करत नाही, त्याला मांस होतं. त्याच्यासाठी शेजारी लहान ताट मांडलं होतं, त्याचा इंजेरा वेगळा. उपवासाच्या स्वयंपाकाची भांडीही त्या वेगळी ठेवतात. मसालेदार लोण्याचा, नितेर किब्बेहचा हात ज्या पातेल्याला लागला ते या दिवसांत चुलीवर चढत नाही. मला माळेविषयी काही सांगावंच लागलं नाही. आमच्याकडे एकादशीचं पातेलं वेगळं असतं म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि आपलं पातेलं दाखवलं. सगळं एका ताटात खाणाऱ्या या घराला काय वेगळं ठेवायचं हे जितकं अचूक कळतं, तितकं मला प्रत्येकाला निराळी बशी देणाऱ्या मोठ्या हॉटेलांतही आढळलेलं नाही. तिथे ‘शाकाहारी’ म्हणून आलेल्या पदार्थावर एकच डाव फिरलेला असतो.

जेवणानंतर कॉफी, आणि ती घाईची गोष्ट नव्हे. जमिनीवर ओलं गवत पसरलं, धूप घातला. हिरव्या बिया धुऊन कोळशावर भाजल्या, आणि त्या तडतडायला लागल्या की लेकीने तवा उचलून प्रत्येकापाशी नेला. आपण हाताने धूर आपल्याकडे ओढून वास घ्यायचा. मग कुटणं, मग जेबेना या मातीच्या सुरईत उकळणं, मग उंचावरून बिनकानाच्या छोट्या पेल्यांत धार. सोबत मक्याच्या लाह्या. पहिली फेरी अबोल, दुसरी तोना, तिसरी बेरेका. तिसरीत आशीर्वाद असतो, तिच्याआधी उठणं बरं दिसत नाही. आमच्या गावी पाहुणा उभ्या उभ्या चहा घेऊन जातो आणि मान राहतो. इथे बसण्यालाच मान आहे.

निघताना एमामांनी फासिकाला बोलावलं. त्या दिवशी दोरो वॉत असणार, कोंबडी आणि उकडलेली अंडी घातलेलं. दोन महिने वाट पाहिलेलं जेवण. त्यांनी आपणहून सांगितलं, तुझं शिरो तेलातलं, वेगळ्या भांड्यात. खरी अडचण त्यानंतर आहे: फासिकापासून पुढचे ५० दिवस बुधवार-शुक्रवारचाही उपवास नसतो, खानावळींतून उपवासाचं ताट जवळपास गायब होतं. तेव्हा रोज डबा न्यायचा, आणि तो एकटीने खाता येणार नाही हे धरून पोळ्या जास्त करायच्या. फासिकाला पुरणपोळी नेईन म्हणते. तेव्हा त्यांना तूप चालेल. हरभरा डाळ इथल्या पिआसा भागातल्या दुकानात मिळते, जायफळही मिळेल. गूळ मात्र मुंबईहून येणाऱ्या कुणाला तरी आणायला सांगायला हवा, आणि तेही याच आठवड्यात.