जीन्स चालत नाही, साडी चालते म्हणे

ऑफिसातल्या मैत्रिणीने बजावलं होतं, "जीन्स घालून आलीस तर दारातूनच परत पाठवतील." मला बरंच वाटलं. बर्लिनमध्ये लोक ऑपेरालाही विजार-स्वेटरवर येतात, निदान कुठेतरी नीट कपडे करून जायची अट आहे! पण इथे नीट म्हणजे लेटेक्स, चामडं, जाळी, साखळ्या, पट्टे, नाहीतर जवळजवळ काहीच नाही. फेटिश टेक्नो नाइट, म्हणजे असल्या कामुक वेशात टेक्नो या इलेक्ट्रॉनिक संगीतावर नाचायची रात्र. बर्लिनला याचं नवल नाही, किटकॅट क्लब 1994 पासून याच धर्तीवर चालतो. मी गेले ती जागा वेगळी, तळघरातली. नाव सांगत नाही, कारण अजून राग गेलेला नाही.

तर कपडे. माझं कपाट धुंडाळताना मैत्रिणीच्या हाती संक्रांतीची काळी चंद्रकळा लागली. "हीच नेस, आत सगळे वेडे होतील!" मी साफ नाही म्हटलं. ती साडी नेसून मी हळदीकुंकवाला तिळगूळ वाटलाय, माझी मावशी तशाच साडीत बँकेत नोकरी करून निवृत्त झाली. त्या साडीला चाबूक आणि मुखवट्यांच्या रांगेत 'वेशभूषा' म्हणून उभं करायचं? मी साधा काळा ड्रेस घातला, वर ब्लेझर.

दारातल्या बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे ऑफिसचं वाटतंय," म्हणाली. इथवर ठीक. मग हसून, अगदी मदत करतेय अशा सुरात, "तुमच्याकडचं काही नव्हतं का? साडी वगैरे?" आता तुम्हीच सांगा. चारचौघांत रोज नेसायचा कपडा या लोकांच्या लेखी कल्पनाविलासात कसा जमा होतो? तिची आजी घालायची ते एप्रन मी फेटिश म्हणून मागितलं असतं तर? हे सगळं मला जर्मनमध्ये सुचलं ते परतीच्या गाडीत. शेवटी मैत्रिणीने स्वतःचा चामडी पट्टा माझ्या खांद्यांवरून आवळला, ब्लेझर काढायला लावला आणि आम्ही आत गेलो. फोन बाहेरच्या खिडकीवर जमा.

आणि आत कोणी पाहिलं नाही. म्हणजे लोकांच्या नजरा जात होत्या, पण कोणाची चिकटून राहत नव्हती. हे तेच जर्मन बरं का, जे एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, समोर बसून पापणी न लववता तुमच्याकडे बघत राहतात! एकाने नाचायला विचारलं, मी नकारार्थी मान हलवली, तो "बरं" म्हणून गेला. विषय संपला. दादरच्या पुलावर कोपर बाहेर काढून चालायची सवय असलेल्या बाईला या 'बरं'ची किंमत विचारा. बाजूला साठीचे एक गृहस्थ, नखशिखान्त लेटेक्समध्ये, नाकावर चाळशीचा चष्मा, खांद्यावर चकाकीचा स्प्रे मारत होते. मी कान दाबलेले पाहून त्यांनी कमरेच्या पिशवीतून कानात घालायच्या बोळ्यांचं नवं पाकीट काढून दिलं आणि पुन्हा स्प्रेकडे वळले.

आई वाचत असेल तर, मी कार्यक्रमाला गेले होते असं सांगितलं ते खोटं नव्हतं. 2016 मध्ये इथल्या न्यायालयाने बेर्गहाइन या टेक्नो क्लबचं तिकीट संस्कृतीत मोडतं असं ठरवून त्यावर 19 ऐवजी 7 टक्के कर लावला. 2024 मध्ये बर्लिनचं टेक्नो जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. शिवाय यांच्याकडे सायट्रान्स या टेक्नोच्या भावंड-संगीताच्या पार्टीला सरसकट 'गोवा पार्टी' म्हणतात, तेव्हा सगळंच काही यांनी शोधून काढलेलं नाही.

फक्त एक कोडं मला सुटत नाही. पश्चिम बर्लिनने 1949 मध्येच रात्री बंद करायची वेळ रद्द केली. शनिवारी सुरू झालेला क्लब सोमवारी सकाळीही दणदणत असतो, तो वारसा. आणि मी रविवारी दुपारी चटणीसाठी मिक्सर लावला, तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांची चिठ्ठी पेटीत हजर. रविवार शांततेचा असतो, म्हणे. खाली सही, तारीख आणि मिक्सर किती वाजता लावला तेसुद्धा.