सरकलेली शिवण

आमच्या नमुना विभागात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिलं काम हेच देतो: वापरून जुनी झालेली जीन्स समोर टांगायची आणि पेन्सिलीने तिचं चित्र काढायचं. चित्रावरून ती कशी शिवली आहे हे मला कळलं पाहिजे. बहुतेकांचा आकार बरोबर येतो, शिवणी मात्र अंदाजाने टाकलेल्या असतात.

त्या दिवशी एका नवीन मुलीने काढलेलं चित्र मी आधी उभ्यानेच पाहिलं आणि लाल पेन्सिलीने एक वर्तुळ केलं. एका पायाची बाहेरची शिवण गुडघ्याखाली पुढे सरकली होती, दुसऱ्या पायावर ती दिसतच नव्हती. घाई झाली असणार, असं मी धरून चाललो.

मग बाकीचं चित्र दिसायला लागलं आणि मी खुर्ची ओढली. खिशाच्या कोपऱ्यावरच्या रिव्हेटभोवती, म्हणजे तिथे ठोकलेल्या धातूच्या टिकलीभोवती, कापड आवळून बारीक चुण्या पडल्या होत्या. ताण तिथेच येतो. जेकब डेव्हिस या शिंप्याने म्हणून तर तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि १८७३ मध्ये त्याचं पेटंट झालं. गुडघ्यावर तिने कागद जवळजवळ कोरा सोडला होता. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे घासल्यावर आतला पांढरा धागा उघडा पडतो. तळाच्या दुमडीवर तर दोरीच्या पिळासारखे तिरके उंचवटे होते, आणि प्रत्येक उंचवट्याचा फक्त माथा फिकट! इतकं बारीक मी वर्षानुवर्षं या कामात असूनही क्वचित पाहिलंय.

असा डोळा असलेली मुलगी शिवण चुकेल?

मी उठून खुंटीवरची जीन्स पाहिली. शिवण खरंच सरकलेली होती. डेनिमची वीण तिरकी असते. धुतल्यावर कापड त्या विणीमुळे एका बाजूला ओढ घेतं. दोन्ही पाय एकाच दिशेने पिळतात, म्हणून एकाची शिवण पुढे येते, दुसऱ्याची मागे जाते. हे मला पाठ होतं, तरी चित्रात मला ती चूकच वाटली.

"सर, ती रेघ मी दोनदा खोडली," ती म्हणाली. "पण पँट तशीच होती."

लाल वर्तुळ मी स्वतः खोडलं. कागदावर त्याची पुसट खूण राहिली, त्याचं अजून वाईट वाटतं.