सावलीतला कपोला

एका जुन्या जर्मन रणगाड्याच्या नोंदीत, व्हेरियंटच्या म्हणजे आवृत्तीच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘ए, सुरुवातीचा, बहुधा’. दुसऱ्या दिवशी ट्रॅकर, म्हणजे आमची कामाची नोंदवही, उघडला तर त्यातलं ‘बहुधा’ गेलेलं होतं. त्याला आता तीन आठवडे झाले, पण तो पुसलेला शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

मी पुण्यातल्या एका गेम आर्ट स्टुडिओत रेफरन्सचं काम बघते. परदेशातल्या गेम कंपन्या आमच्याकडून जुन्या युद्धांतली वाहनं बनवून घेतात. मॉडेलर आकार बांधतो आणि टेक्श्चरवाले रंग, गंज, चिखल चढवतात. त्याआधी कुठला बोल्ट कुठे आणि कुठल्या महिन्यातला, हे मी ठरवून देते. लोकांना वाटतं, हे फोटो गोळा करायचं काम आहे. प्रत्यक्षात माझा अर्धा वेळ फोटो बाद करण्यात जातो. संग्रहालयातला रणगाडा समोर दिसतो, चारी बाजूंनी फोटो मिळतात, म्हणून नवीन मुलं तोच प्रमाण धरतात. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला पँथर जी बघा, दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये हॅनोव्हरच्या कारखान्यात उरलेल्या सुट्या भागांमधून ब्रिटिश सैन्याच्या देखरेखीखाली तो जोडला गेला. तो एकाही लढाईत गेलेला नाही. त्याच्यावरून फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत लढलेला पँथर बांधला तर पायाच चुकला.

लहानपणी वडिलांनी नगरच्या रणगाडा संग्रहालयात नेलं होतं. तिथे चर्चिल या ब्रिटिश रणगाड्याच्या पोलादावर हात ठेवला, तेव्हा ते गुळगुळीत नाही, खडबडीत आहे, हे पहिल्यांदा कळलं. आजही मॉडेलवर पत्रा काचेसारखा दिसला की मला ते आठवतं आणि मी फाइल परत पाठवते.

आता पँथर. या रणगाड्याच्या तीन मुख्य आवृत्त्या झाल्या: आधी डी, मग ए आणि शेवटी जी. होय, डी आधी आणि ए नंतर. दर वर्षी एखादा नवा मुलगा ए म्हणजे पहिला असं धरून चालतो आणि आठवडाभराचं काम वाया जातं. डी १९४३ च्या जानेवारीपासून बनू लागला आणि साधारण साडेआठशे झाले. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या शेवटी ए आला, १९४४ च्या मार्चमध्ये जी. तिन्ही मिळून सुमारे सहा हजार. पण एका तारखेला डी थांबला आणि दुसऱ्या दिवशी सगळं नवं सुरू झालं, असं घडलं नाही. ए आला तो आधी वरच्या बुरुजात, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या भागात. खालचं धड बराच काळ जवळजवळ डीचंच राहिलं. पुढच्या तिरक्या पत्र्यावर मशीनगनसाठी पत्रपेटीच्या झाकणासारखी एक उभी झडप असते. ती डीवर आहे आणि सुरुवातीच्या एवरही आहे. तिच्या जागी गोल उंचवटा आला तो १९४३ च्या अगदी शेवटी. त्यामुळे ‘झडप दिसली, लिहा डी’ असं जे लोक करतात, ते निम्म्या वेळा चुकतात आणि त्यांना ते कधी कळतही नाही.

क्लायंटने पाठवलेला फोटो असाच होता. एका खासगी अल्बममधला, ६०० डीपीआयवर स्कॅन केलेला. सोबत ओळ होती, ‘पँथर डी, कुर्स्क, जुलै १९४३’. कुर्स्क म्हणजे रशियातली ती जागा जिथे त्या जुलैत रणगाड्यांची मोठी लढाई झाली. रणगाडा एका पांढऱ्या चुन्याच्या झोपडीला टेकून मेलेला. डावा ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा साखळीपट्टा, सुटून पडलाय आणि बुरुजाशेजारी एक रशियन सैनिक उभा आहे, फार तर विशीचा. त्याच्या खांद्यामुळे नेमका कपोला झाकला गेलाय. कपोला म्हणजे कमांडरची टोपी, बुरुजावरचं ते गोल बांधकाम ज्यातून तो बाहेर बघतो. डी आणि ए वेगळे ओळखायचे तर पहिली नजर तिथेच जाते. डीचा कपोला उभ्या डब्यासारखा, त्याला बघायला सहा फटी. एचा बुटका, उतरत्या खांद्यांचा, आणि त्याच्याभोवती सात पेरिस्कोपांची सात टोपणं.

मी फोटो मोठा केला आणि खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. ही माझी सवय आहे. सगळे आधी तोफेकडे बघतात, मी मडगार्डच्या मागे बघते. तिथे चिखल गळून पडलेल्या एका पट्टीत आडव्या रेघा दिसल्या. शेणाने सारवलेल्या भिंतीवर बोटं ओढल्यावर उठतात तशा, एकसारख्या.

झिमरिट! खुर्चीतल्या खुर्चीत मी ताठ झाले. शत्रूने चुंबकी सुरुंग चिकटवू नयेत म्हणून जर्मनांनी रणगाड्यांवर लावलेला हा लेप. त्यात बेरियम सल्फेट होतं, पिवळसर माती होती, लाकडाचा भुसासुद्धा होता. कारखान्यात तो १९४३ च्या सप्टेंबरच्या सुमारास लागू लागला आणि वर्षभराने, १९४४ च्या सप्टेंबरात, बंद झाला. कुर्स्कला उतरलेले दोनशे पँथर सगळे डी होते आणि एकावरही हा लेप नव्हता, कारण जुलैमध्ये तो कारखान्यातच लागत नव्हता. म्हणजे फोटोखालची ओळ चूक होती. हा रणगाडा कुर्स्कचा नव्हताच.

इथवर माझी खात्री होती, आजही आहे. अडचण पुढे झाली. लेप आहे म्हणून तो ए, असं म्हणता येत नाही, कारण शेवटच्या काही डींवरही लेप लागला. दिवा एकच, डाव्या मडगार्डवर. पण नंतरच्या डींवरही एकच होता. बुरुजाच्या डाव्या बाजूला सुरुवातीच्या डीला एक छोटं गोल दार असायचं, ते इथे नाही. ते नंतरच्या डींवरही काढून टाकलं होतं. चाकांवर सोळा बोल्ट, मधल्या एकाच चाकावर चोवीस. आमचा मॉडेलर लगेच म्हणाला, “ताई, चोवीस बोल्ट म्हणजे नंतरचा ना?” मी म्हटलं, “चाकावर कधीच विश्वास ठेवायचा नाही. वर्कशॉपमध्ये जे मिळेल ते लावायचे.” आपल्या एसटीच्या डेपोत टायर बदलतात तसंच.

चेसिस क्रमांकाने सगळं मिटलं असतं, पण तो या फोटोत कुठेच दिसत नव्हता.

संध्याकाळी साडेसहाला निघायची तयारी करताना मी फोटो पुन्हा पूर्ण आकारात ठेवला आणि तेव्हा भिंत दिसली. दिवसभर मी रणगाडाच बघत होते. सूर्य डावीकडून, खाली आलेला. झोपडीच्या पांढऱ्या भिंतीवर बुरुजाची सावली पडली होती आणि तिच्यावर कपोल्याची. त्या सैनिकाची सावली थोडी बाजूला सरकलेली होती. ज्याच्यामागे कपोला लपला होता, त्याच्या पलीकडे तोच कपोला चुन्यावर उमटला होता. त्याच्या कडेला तीन छोटे उंचवटे होते.

मॉडेलर घरी निघाला होता, मी त्याला थांबवलं. आमच्याकडे दोन्ही बुरुज तयार होते. त्याने झोपडीची भिंत साधी पाटी म्हणून उभी केली आणि चाकाच्या ८६० मिलिमीटर व्यासावरून माप लावलं. मग तोफेच्या नळीची सावली फोटोतल्या सावलीवर बसेपर्यंत आम्ही सूर्य फिरवत राहिलो. कधी अर्धा अंश, कधी पाव. यात दीड तास गेला. नळी बसली, मडगार्डची कड बसली. मग डीचा कपोला ठेवला. त्याची सावली वरून सपाट आणि खांद्याला चौकोनी आली. फोटोत खांदा उतरता आहे. ए ठेवला. खांदा बसला. मॉडेलर हळूच म्हणाला, “ताई, बसला की हो!”

पण टोपणं चार उमटली आणि फोटोत तीनच आहेत.

चौथं कुठे गेलं? तुटलं असेल. गोळा लागून टोपण उडणं काही विशेष नाही. किंवा दिसतायत ते तीन उंचवटे टोपणांचे नसतीलच, झाकायला लावलेल्या फांद्यांचे असतील आणि उतरता खांदाही पानांचा असेल. फांद्या लावायची पद्धत सर्रास होती. मी स्कॅन इतका मोठा केला की फक्त दाणे उरले. त्या दाण्यांमध्ये पान आणि पोलाद सारखंच दिसतं.

म्हणून मी ‘बहुधा’ लिहिलं. लेपाचा पुरावा, सावलीचा पुरावा आणि न बसणारं चौथं टोपण, सगळं सविस्तर नोंदवलं. कुर्स्कची ओळ काढून टाकावी, असंही लिहिलं.

आमच्या लीड सरांबद्दल माझ्या मनात आदर आहे. डेडलाइन सांभाळणं त्यांच्याकडून शिकावं. पण त्यांचा रकाना एका अक्षराचा आहे. “क्लायंटला ए की डी एवढंच हवंय,” ते म्हणाले, “बहुधा वाचलं की चार मेल येतात.” ओळ बदलायच्या सूचनेवर क्लायंटचं उत्तर आलं की तो फोटो त्यांच्या मालकीचा नाही आणि कॅप्शन दुरुस्त करणं कामाच्या कक्षेत बसत नाही. गेममधल्या कुर्स्कच्या नकाशासाठी त्यांना डी हवा होता. तो आम्ही दुसऱ्या फोटोंवरून बनवून दिला, आणि चांगला बनवला. हा फोटो फोल्डरमध्ये तसाच राहिला, ‘कुर्स्क, जुलै १९४३’ या ओळीसकट.

चुका अशाच पक्क्या होत जातात, हे मी या कामात फार पाहिलंय. किंग टायगर या दुसऱ्या जर्मन रणगाड्याच्या पहिल्या पन्नास बुरुजांना सगळं जग ‘पोर्शे बुरुज’ म्हणतं आणि नंतरच्यांना ‘हेन्शेल बुरुज’. दोन्ही क्रुप या तिसऱ्याच कंपनीने आखलेले आहेत. कुणीतरी एकदा लिहिलं, पुढच्यांनी उतरवून घेतलं, आणि आज ते पुसायला गेलं तर लोक अंगावर येतात.

आणखी एक बोलायचंय. या रणगाड्यांवर प्रेम करणारे खूप भेटतात. ‘जर्मन इंजिनिअरिंग’ म्हणताना त्यांचे डोळे चमकतात. मला ते बघवत नाही. न्यूरेंबर्गच्या एमएएन आणि कासेलच्या हेन्शेल या कारखान्यांमध्ये हे रणगाडे बनत होते, तेव्हा तिथे वेगवेगळ्या देशांतून धरून आणलेली माणसं सक्तीने राबत होती. पत्र्याच्या जोडावर वेल्डचा जाड, वेडावाकडा ओघळ दिसला की मी मॉडेलरला तो तसाच ठेवायला सांगते, घासून सरळ करू देत नाही. तो कुणाच्या हातून झाला, कुठल्या अवस्थेत झाला, ते मला ठाऊक नाही. पण तो तिथे आहे.

कुर्स्कला पोचण्याआधी आणि तिथे गेल्यावर डी ढिगाने बंद पडले. काहींच्या इंजिनांनी पेट घेतला. पुढच्या आवृत्तीत बदल आले. कपोल्यातल्या साध्या फटी जाऊन पेरिस्कोप आले, म्हणजे आतल्या माणसाचे डोळे गोळ्यांच्या रेषेतून बाजूला घेतले गेले. डी की ए हा प्रश्न मला म्हणूनच एका अक्षराचा वाटत नाही. तो रणगाडा पुढे, शरद ऋतूत किंवा त्यानंतर कधीतरी, दुसऱ्याच कुठल्या गावात मेला. ती झोपडी कुणाची तरी होती. तो विशीतला मुलगाही कुर्स्कमध्ये नाही, दुसरीकडे उभा आहे, आणि त्याच्याखाली चुकीचं गाव लिहिलंय.

गेल्या रविवारी मी घरी बसून सावली पुन्हा मोजली. मॉडेलरने त्याच्या लॅपटॉपवर एक टोपण उडवून बघितलं आणि रात्री पाठवलं. बसतंय. पण फांद्या ठेवल्या तरी बसतंय, तेही त्याने प्रामाणिकपणे कळवलं.

सोमवारी मी ट्रॅकर उघडला आणि रकान्यात ‘बहुधा’ परत लिहिलं. अजून कुणी पुसलेलं नाही.