आमची वाटचाल: पाकीट, तिकीट आणि हॉकीची कार्डं

टोरंटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरात आमचं छोटं दुकान आहे. एका अंगाला लाँड्री, दुसऱ्या अंगाला श्रीलंकन किराणा. पाटीवर 'प्रिंटिंग आणि स्टेशनरी' असं लिहिलंय खरं, पण दुकानाचं भाडं निघतं ते हॉकीच्या कार्डांवर, आणि खेळाडूंना पत्र पाठवून टपालाने सह्या मागवणाऱ्या छांदिष्टांवर. डोंबिवलीहून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग हळूच विचारतात, "आणि यावर घर चालतं?" चालतं. कसं, ते सांगते.

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, नाहीतर खडकीचे धनराज पिल्ले. इथे नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरचीच. साडेतीन इंच उंच, अडीच इंच रुंद पुठ्ठ्याचं कार्ड, पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे गोल आणि सामने. ओन्टारिओमधल्या लंडन गावच्या ओ-पी-ची नावाच्या कंपनीने १९३३ साली च्युइंगगमसोबत अशी हॉकीची कार्डं द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे बिग फनच्या बबलगममधून क्रिकेटपटूंची चित्रं निघायची, तसलाच प्रकार. फरक इतकाच, की इथे ती चित्रं आईने रद्दीत दिली नाहीत तर नातवंडांच्या कॉलेजची फी निघू शकते.

२००९ च्या मंदीत नवऱ्याची गोदामातली नोकरी गेली. हाताशी होतं तेवढं भांडवल आणि भावाकडून घेतलेले उसने पैसे घालून आम्ही एक चालू झेरॉक्सचं दुकान घेतलं. पासपोर्ट फोटो, व्हिसाचे फॉर्म, सत्यनारायणाच्या पत्रिका, टपालाची तिकिटं. हॉकीतलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. एक निवृत्त शाळामास्तर दर शनिवारी यायचे आणि पाकिटं जोडीनं घ्यायचे: दहा नंबरची जितकी, नऊ नंबरची तितकीच. नऊ नंबरचं पाकीट दहा नंबरच्यात घडी न घालता बसतं. बाहेरच्या पाकिटावर खेळाडूचा पत्ता. आतल्या पाकिटावर स्वतःचा पत्ता आणि तिकीट आधीच लावलेलं. सोबत एक कार्ड आणि हाताने लिहिलेलं पत्र. खेळाडूने कार्डावर सही करायची, आतल्या पाकिटात घालायचं आणि टपालात टाकायचं. त्याला ना पत्ता लिहावा लागतो ना तिकीट शोधावं लागतं, एवढीच या सगळ्यामागची युक्ती.

मास्तरांनीच आम्हाला पोर्ट क्रेडिटची गोष्ट सांगितली. पोर्ट क्रेडिट म्हणजे आता मिसिसागाचाच तलावाकाठचा भाग. तिथे सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनीचा कारखाना होता आणि 'बी-हाइव्ह' नावाचं त्यांचं मक्याचं सिरप घराघरात असायचं. डब्यावरची कागदी पट्टी काढून कंपनीला पाठवली की टपालाने हवा त्या हॉकीपटूचा फोटो यायचा. १९३४ ते १९६७ पर्यंत ही योजना चालली. मास्तर लहानपणी शेजाऱ्यांच्या कचऱ्यातल्या डब्यांच्या पट्ट्याही सोडत नसत. टपालपेटीतून हॉकीपटू घरी आणायची सवय या गावाला आमच्या आधीच लागलेली होती. आम्ही फक्त योग्य जागी दुकान घेऊन बसलो होतो.

धंदा सुचला तो मास्तरांच्या एका कुरकुरीतून. नॅशनल हॉकी लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. त्यांतले कॅनडातले फक्त ७, बाकीचे २५ अमेरिकेत. खेळ कॅनडाचा, पण पत्रं बहुतेक सीमेपलीकडे जाणार. आणि टांपा किंवा डॅलसहून निघणाऱ्या परतीच्या पाकिटावर कॅनडाचं तिकीट चालत नाही, अमेरिकेचंच लागतं, तेही परदेशी टपालाचं. पूर्वी यासाठी आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन मिळायचं, ते दाखवलं की परदेशातल्या टपाल कचेरीत तिथलं तिकीट मिळे. अमेरिकेच्या टपाल खात्याने ते २०१३ मध्ये विकणं बंद केलं. मास्तर वर्षातून दोनदा सीमेपलीकडे बफेलोला गाडी हाकत जायचे, फक्त तिकिटं आणायला. नवरा म्हणाला, "एवढ्या लांब आपण जाऊ की, सगळ्यांसाठी एकदम आणू." झालं. नऊ-दहा नंबरची पाकिटं, दोन्ही देशांची योग्य तिकिटं, कार्ड घालायची प्लॅस्टिकची पातळ पिशवी आणि दोन पुठ्ठे, असा संच आम्ही बांधला. त्याला दुकानात 'जोडपाकीट' म्हणतात. आता गोरी गिऱ्हाइकंसुद्धा 'टू जोड्पाकिट प्लीज' म्हणतात, तेव्हा सासूबाईंना फार मजा वाटते.

मग लोक विचारायला लागले की कार्ड पाठवायचं कसं. हे आम्ही मास्तरांच्या हाताखाली शिकलो आणि दुकानाच्या टेबलावर शिकवतो. नवीन कार्डं चकचकीत असतात. त्यावर मार्करची शाई ठरत नाही, थेंबथेंब होऊन सरकते आणि सहीला भोकं पडल्यासारखी दिसतात. म्हणून सहीच्या जागेची चमक आधी मारायची. चिमूटभर बेबी पावडर टाकायची, मऊ सुती कापडाने बोटाच्या टोकाने हलके गोल फिरवायचं आणि झटकून टाकायचं. कार्ड उजेडात तिरकं धरलं की तेवढाच भाग किंचित मंद दिसतो. जास्त घासलं तर फोटोतल्या माणसाचा जबडा पुसट होतो, म्हणून पहिला हात नेहमी फालतू कार्डावर मारून घ्यायला लावतो. ओ-पी-चीच्या जुन्या कार्डांना यातलं काहीच लागत नाही. त्यांचा पुठ्ठा शाई आपोआप पितो. पत्रासोबत मार्कर पाठवू नका, हे तर रोज सांगावं लागतं. साध्या पत्राची जाडी ५ मिलिमीटरच्या आत लागते, मार्करने पाकिटाला पोट येतं आणि जास्तीचं शुल्क बसतं. खेळाडूंकडे मार्कर असतात हो, खंडीभर असतात.

पत्र हाताने लिहायचं, अर्ध्या पानाचं, आणि कार्ड एकच. फार तर दोन. छापील पत्राची झेरॉक्स काढून पन्नास जणांना पाठवणारे आमच्याकडे येतात; झेरॉक्सचे पैसे घेतो आणि मत विचारलं तर सांगतो. ज्यांच्या पत्रात एखाद्या ठरावीक सामन्याचा, एखाद्या अडवलेल्या गोलाचा उल्लेख असतो, त्यांना उत्तरं जास्त येतात असा आमचा अनुभव आहे.

उत्तर देण्याच्या बाबतीत सगळ्यांत मोठं नाव माँट्रियलच्या जाँ बेलिव्हो यांचं. पत्रांना उत्तर देणं हे ते कर्तव्य मानायचे आणि सही अशी, की शाळेत फळ्यावर लावावी: प्रत्येक अक्षर वाचता येतं. २ डिसेंबर २०१४ ला ते गेले, त्यानंतरचा आठवडाभर दुकानात लोक त्यांची कार्डं घेऊन नुसते उभे राहायचे. विकायला कोणी आणलं नव्हतं. टोरंटोचे गोलरक्षक जॉनी बावर इथे मिसिसागातच राहायचे. २०१७ च्या नाताळानंतर दुसऱ्याच दिवशी तेही गेले. त्या पिढीचं हस्ताक्षरच वेगळं. आजचा विशीतला खेळाडू एक वेलांटी, एक रेघ आणि जर्सीचा नंबर काढतो. नंबर नसता तर सही कोणाची हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

खेळत असलेल्यांना संघाच्या पत्त्यावर लिहायचं, सप्टेंबरात सराव शिबिरं सुरू होतात त्याच्या आगेमागे. एप्रिलमध्ये बाद फेऱ्या लागल्या की पत्रं खोक्यात पडून राहतात. उत्तर तीन आठवड्यांत येईल किंवा तीन वर्षांनी येईल. मध्यंतरी मुलगा दहावीतून कॉलेजात गेलेला असतो. काही पाकिटं पिवळी पट्टी चिकटून न उघडता परत येतात. काही सह्या यंत्राने केलेल्या असतात. ते ओळखायला भिंग लागत नाही. एकाच खेळाडूच्या दोन सह्या एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायच्या. माणूस एकच सही दोनदा तंतोतंत करू शकत नाही. रेघ रेघेवर बसली तर यंत्र आहे असं समजा. यंत्राची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची असते, तीही खूण आहे.

कार्डांच्या खरेदी-विक्रीत आम्ही जरा उशिरा उतरलो. २०१५ मध्ये टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांच्या साखळीने अपर डेक या कंपनीची हॉकी कार्डं कॉफीसोबत विकायला काढली. टिम हॉर्टन हा स्वतः टोरंटोचा बचावपटू, १९७४ मध्ये मोटार अपघातात गेला, हे तिथे रोज कॉफी पिणाऱ्या आपल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं. त्या वर्षी आमची मुलगी, शेजारची पंजाबी मुलं, मंडळाच्या गणपतीला येणारी सगळी चिल्लीपिल्ली कार्डांच्या मागे लागली. मॅनी मल्होत्रा मिसिसागात जन्मलेला, १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, न्यू यॉर्क रेंजर्सने सातव्या क्रमांकावर घेतलेला. त्याचं कार्ड हातात आलं की या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. 'मल्होत्रा' हे आडनाव छापील कार्डावर, हेल्मेटखाली. मी तर सोलापूरच्या एखाद्या आडनावाची वाट बघते आहे.

मग तळघरं उघडायला लागली. वडील गेले, घर विकायचंय, खोकी घेता का? दहातली नऊ खोकी १९९० आणि ९१ ची असतात. त्या काळात अपर डेक, प्रो सेट, स्कोअर अशा कंपन्या एकदम हॉकीत उतरल्या आणि इतकी कार्डं छापली की आजही सीलबंद डबे जेवणाच्या किमतीत मिळतात. लोकांनी ती पेन्शन समजून जपलेली असतात. हे सांगण्याचं काम मी करते, कारण नवऱ्याला जमत नाही. तो दया येऊन विकत घेतो आणि मग आमचं तळघर भरतं.

१९७९-८० चं ओ-पी-ची खोकं मात्र निघालं तर आम्ही दोघंही हात धुऊन बसतो. त्यातलं १८ नंबरचं कार्ड वेन ग्रेट्स्कीचं, म्हणजे या हॉकीतल्या सगळ्यांत गाजलेल्या खेळाडूचं, आणि त्याचं पहिलं. त्याची एक निर्दोष प्रत २०२१ मध्ये ३७.५ लाख अमेरिकी डॉलरला गेली. निर्दोष प्रती इतक्या दुर्मीळ का, ते कार्ड हातात घेतलं की कळतं. निळी किनार, तिला जरा कुठे टोचलं की पांढरा पुठ्ठा दिसतो. आणि त्या कारखान्यात कागद तारेने कापला जायचा, त्यामुळे कडा फणीसारख्या बारीक फाटलेल्या. हीच कड आमच्या कामाला येते: भिंगाखाली कड गुळगुळीत, सुरीने कापल्यासारखी दिसली, तर नंतर कोणीतरी छाटलेलं किंवा नक्कल केलेलं कार्ड असण्याची शक्यता धरायची आणि पैसे गल्ल्यातच ठेवायचे.

टपालाने आलेल्या सह्या आम्ही विकत घेत नाही आणि विकतही नाही. यावर बऱ्याच दुकानदारांशी वाद होतो. त्यांचं म्हणणं, सही ती सही. माझं म्हणणं साधं आहे. काही व्यापारी लहान मुलाच्या अक्षरात पत्र लिहून पाच-पाच कार्डं पाठवतात आणि आठवड्यात ती विकायला काढतात. खेळाडूंना ते कळतं. मग ते सहीवर 'टू रोहन' असं नाव घालून देतात, म्हणजे बाजारात भाव पडतो, किंवा काहीजण पत्र उघडणंच बंद करतात. रोहनला नाव हवंच असतं. तोटा फक्त व्यापाऱ्याचा. शिवाय टपालातून आलेली सही खरी आहे याची हमी मी कशाच्या जोरावर देऊ? कंपनीने पाकिटात घातलेली सहीची कार्डं विकतो, तिथे छापणाऱ्याची जबाबदारी असते. काही निवृत्त खेळाडू सहीसाठी थोडी रक्कम दानपेटीत मागतात, त्याबद्दल नाकं मुरडणारी माणसं मला कळत नाहीत. गुडघे गेलेला सत्तरीचा माणूस तुमच्यासाठी टेबलाशी बसतोय.

करोनाच्या काळात हा धंदा दुप्पट वाढला. सगळे घरात, जुने खेळाडूही घरात, आणि उत्तरं दोन आठवड्यांत. कार्डांचे भावही वेड्यासारखे चढले, पुढे तसेच उतरले. आम्ही त्या लाटेत माल साठवला नाही, जोडपाकिटंच विकली. खरा फटका बसला तो टपाल कामगारांच्या संपाचा, १५ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर २०२४, ऐन नाताळात. पत्रंच हलत नाहीत म्हटल्यावर संच कोण घेणार? तो महिना पासपोर्ट फोटोंनी तारला, त्यामुळे ते फोटोचं यंत्र विकायचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. संप मिटला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुस्तिकेतलं तिकीट ९९ सेंटवरून १ डॉलर २४ सेंट झालं. कॅनडातल्या संचाला दोन तिकिटं लागतात. भाव वाढवणं भाग होतं. शाळकरी मुलांसाठी जुनाच ठेवला, ती तूट मोठ्यांच्या प्लॅस्टिक कव्हरांवर भरून निघते.

सध्या वाढतोय तो मुलींचा घोळका. जानेवारी २०२४ मध्ये महिलांची व्यावसायिक हॉकी लीग सुरू झाली, तेव्हा सहा संघ होते. २०२५ मध्ये व्हँकुव्हर आणि सिअ‍ॅटल धरून आठ झाले. नॅटली स्पूनरला लिहिलेली पत्रं आमच्या टेबलावर जितकी तयार होतात तितकी कुठल्याच पुरुष खेळाडूला होत नाहीत. हे खातं पूर्णपणे आमच्या मुलीकडे आहे. संघ नवे, सरावाच्या जागा बदलत्या, म्हणून पत्त्यांची यादी ती दर महिन्याला तपासून काढते. यादी दुकानात कोणालाही फुकट मिळते. तिकिटांचे पैसे मात्र रोख.