दादाला स्टेन्ट का घातला नाही

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाला हृदयविकाराचा झटका आला. तो घरी परतल्यावर लालबागच्या त्याच्या चाळीत भेटायला येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारत होता, की अँजिओप्लास्टी झाली म्हणता, मग स्टेन्ट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) का नाही? खरे तर आम्हीही साशंक होतो, कारण डिस्चार्जच्या कागदावर 'उजव्या धमनीत ॲन्युरिझम' एवढेच लिहिलेले होते आणि ते समजावून सांगायला त्या दिवशी कोणालाही सवड नव्हती.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी अँजिओग्राफीची, म्हणजे रंगद्रव्य सोडून घेतलेल्या धमन्यांच्या एक्स-रे चित्रणाची, सीडी लावून दाखवली. सलग बारीक दिसणारी धमनी मध्येच पडवळ गिळलेल्या सापासारखी फुगली होती आणि रंगद्रव्य तिथे पुढे न सरकता गोल फिरत राहत होते. शेजारच्या निरोगी भागाच्या व्यासाच्या दीडपट किंवा त्याहून अधिक फुगलेल्या भागाला ॲन्युरिझम म्हणतात. दादाची धमनी 4 मिलिमीटरची, तर फुगा 8 मिलिमीटरचा होता. प्रौढांमध्ये याचे मुख्य कारण धमनीकाठिण्य (धमनीच्या भिंतीत चरबी साचून ती कडक होणे) असते. लहानपणी होणारा, तापासोबत धमन्यांना सूज आणणारा कावासाकी आजार हेही एक कारण असल्यामुळे डॉक्टरांनी आईला दादाच्या बालपणीच्या तापांबद्दल विचारले. तिला कांजिण्या तेवढ्या आठवल्या.

फुग्यात रक्त रेंगाळते, रेंगाळले की गुठळी होते आणि तीच गुठळी धमनी बंद करते. दादाच्या बाबतीत हेच घडले होते. त्या रात्री नळीने गुठळी ओढून काढली, गुठळ्या रोखणारे औषध सलाइनमधून दिले आणि प्रवाह सुरू झाल्यावर डॉक्टर थांबले. साधा स्टेन्ट तिथे घातला असता, तर तो भिंतीला न टेकता अधांतरी राहिला असता आणि त्याच्याभोवती पुन्हा गुठळी झाली असती. शिवाय फुगा गुठळीने भरलेला असेल, तर अँजिओग्राफीत तो खऱ्या आकारापेक्षा लहान दिसतो, म्हणून अचूक माप धमनीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीने किंवा काही आठवड्यांनी सीटी अँजिओग्राफीने घेतात. घाई न करणे हाच इथे उपचाराचा भाग होता, हे समजायला मला मात्र दोन महिने लागले.

आता दादा गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेलसोबत वॉरफरिन घेतो. या दोन औषधांची जोडी प्रत्येकाला देत नाहीत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीचा आकडा) 2 ते 3 च्या दरम्यान ठेवायचा असल्यामुळे आणि पालेभाज्यांतले व्हिटॅमिन के वॉरफरिनचा परिणाम कमी करत असल्यामुळे वहिनीने मेथी-पालक बंद केले होते. डॉक्टर म्हणाले, बंद करू नका, दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात द्या. तेव्हापासून मेथी बुधवारी, एकच जुडी, असा नियम आहे आणि आयएनआरचे आकडे फ्रिजवरच्या कालनिर्णयात लिहिले जातात.

पुढच्या महिन्यात पुन्हा सीटी आहे. फुगा वाढलेला आढळला, तर आवरण असलेला स्टेन्ट घालून तो धमनीच्या आतून बंद करायचा की बायपास करायची, हे तेव्हा ठरेल.