नुसता वाडा का काढत नाही?

वाईतल्या जुन्या वाड्यांचे माझे फोटो पाहिले की बहुतेकजण हेच विचारतात: "वाडा इतका देखणा, मग प्रत्येक फोटोत कुणीतरी मध्ये का? नुसता वाडा का नाही काढत?" तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आमच्या आत्याच्या वाड्याचा दिंडीदरवाजा घ्या. आत शिरलं की देवडीच्या भिंतीत एक चौकोनी भोक दिसतं. नुसत्या भिंतीचा फोटो काढला तर बघणाऱ्याला वाटेल, दगड निखळलाय. पण आत सागवानी अडसर आहे, अख्खाच्या अख्खा भिंतीच्या पोटात सरकवलेला. रोज रात्री आत्या तो ओढून काढते आणि दारामागून समोरच्या खोबणीत बसवते. दिवेलागणीच्या आधी, उजेड होता तोवर, मी तिला तो ओढायला लावला आणि अडसर अर्धा बाहेर आला तेव्हा फोटो घेतला. पदर खोचलेला, एक पाय भिंतीला रेटलेला, आणि लाकडाची वरची कड पिढ्यान्‌पिढ्यांचे हात लागून गुळगुळीत झालेली. ते भोक कशासाठी आहे, हे आता कुणाला सांगावं लागत नाही.

इंग्रजी अमदानीतल्या लेण्या-देवळांच्या फोटोंतही खांबाशेजारी माणूस उभा दिसतो. तो बऱ्याचदा मापासाठी उभा केलेला असतो, खांब किती उंच ते कळावं म्हणून. त्याचं नाव सहसा कुठे सापडत नाही. मला ते फार खटकतं.

सगळीकडेच माणूस लागतो असं मात्र नाही. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणीच त्या भिंतीचं काम दाखवतं. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेचा फोटोही मी माणसाशिवायच काढते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्यानंतर तिकडून आलेली ही घंटा. तिच्यावर १७०७ हे साल ओतलेलंच आहे, ती आपली ओळख आपणच देते. आळीतल्या वाड्यावर असं काही लिहिलेलं नसतं. त्याची सगळी माहिती राहत्या माणसांच्या अंगवळणी असते. बिल्डरशी करार झाला आणि घर पांगलं, की ती माहितीही पांगते. म्हणून माझी घाई.

फोटो कसा काढायचा तेही विचारता, तर चौकाच्या वाड्यासारखा स्टुडिओ नाही. सकाळी ऊन वरच्या भिंतीवर असतं, फरशीवर उतरलेलं नसतं. तेव्हा भिंतीवरून परतणारा उजेड ओसरीवर सारखा पसरतो. माणसाला ओसरीच्या कडेशी बसवायचं, तोंड जरा चौकाकडे. मागचं माजघर काळोखात गेलं तर जाऊ द्यावं. मोबाइलवर बोट चेहऱ्यावर टेकवून उजेड तिथलाच धरायचा. फोन मात्र भिंतीला समांतर हवा. वर कलला की खांब मागे पडल्यासारखे दिसतात. माणसाच्या अगदी जवळ जाऊ नये, नाक मोठं येतं. समोरच्या ओसरीवर जाऊन दुप्पट झूमवर घ्यावा. आणि "हसा" म्हणू नये. हाताला काम दिलं की चेहरा आपोआप सैल होतो.

फोटो झाला की मी दोन प्रती छापून घेते. एक त्या घरी देते. दुसरीच्या मागे मऊ पेन्सिलीनं, न दाबता, माणसाचं नाव, आळी, तारीख आणि हातातल्या वस्तूला त्या घरात जे म्हणतात तो शब्द लिहिते. नाव आधी.