सोन्याचा मुकुट, पण डोक्यावर नाही

रोमला पाहुणे आले की मी त्यांना आधी रोमन सम्राट टायटसच्या कमानीखाली नेतो. कलोसियम काय, लांबूनही दिसतं. कमान इ. स. ८१ च्या सुमाराची. आतल्या एका बाजूला टायटसची विजयमिरवणूक कोरलीय: चार घोड्यांचा रथ, रथात टायटस (चेहरा पार झिजलाय) आणि त्याच्या डोक्यावर हार धरणारी पंखवाली विजयदेवता. ही देवी शिल्पकाराची करामत. खऱ्या मिरवणुकीत तिच्या जागी चक्क एक गुलाम उभा असायचा, हातात सोन्याचा मुकुट धरून.

सिनेमातले सम्राट सोनेरी पानं डोक्यावर घालून मिरवतात खरे, पण विजयी सेनापतीच्या डोक्यावर असायची ती लॉरेलच्या ताज्या पानांची माळ. हे झाड इथे कुंपणालाही लावतात. आपल्या मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं, हे इथे येऊन कळतं. पदवी मिळाली की इथली पोरं अजूनही ही माळ घालून गावभर हिंडतात. सीझरला ती कायम घालायची मुभा मिळाली होती. टक्कल झाकलं जायचं म्हणून स्वारी खूश, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. सम्राट टिबेरियस तर ढग गडगडायला लागले की माळ चढवायचा. लॉरेलवर वीज पडत नाही, अशी समजूत होती ना!

सोन्याचं वजन मात्र मानेला पेलणारं नव्हतं. खेळांच्या मिरवणुकीतल्या अशाच एका मुकुटाची कवी जुव्हेनलने टर उडवलीय: कुठल्याही मानेला झेपणार नाही एवढा मोठा, आणि तो धरून गुलाम घामाघूम.

पण मला या मुकुटांपेक्षा त्यांचा हिशोब जास्त रंजक वाटतो. इ. स. पू. ४६ मध्ये सीझरने चार विजयमिरवणुका काढल्या. त्यांत २,८२२ सोन्याचे मुकुट होते, वजन २०,४१४ रोमन पौंड, असं प्राचीन इतिहासकार अप्पियन सांगतो. म्हणजे साडेसहा टनांहून जास्त सोनं; एकेक मुकुट सरासरी दोनशे तोळ्यांच्या वर! एवढे मुकुट कुणी घालायला थोडेच असतात? ते शहरांकडून आणि मांडलिक राजांकडून आलेले नजराणे. पुढे पुढे मुकुटही नको, नुसतं सोनं द्या, असा रिवाज पडला आणि नजराण्याचा कर झाला. त्याचं नाव मात्र ‘मुकुटाचं सोनं’च राहिलं.

इ. स. पू. २९ मध्ये, पुढे पहिला रोमन सम्राट झालेल्या ऑगस्टसने इटलीतल्या शहरांचं असं ३५,००० पौंड सोनं माफ केलं, आणि स्वतःच्या कामगिरीच्या जाहीर यादीत ते ठळकपणे लिहूनही ठेवलं. नकार देऊन एवढी प्रसिद्धी मिळवणं त्यालाच जमावं. नंतरचा सम्राट कॅराकॅला, त्याची तऱ्हा उलटी. आज हा शत्रू जिंकला, उद्या तो, असं सांगत तो शहरांकडे पुन्हा पुन्हा मुकुट मागत राहायचा.